ध्वनिक्षेपकातील चुंबकाचा इतिहास, परीक्षण आणि जतन : बीड जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनाच्या संदर्भात

प्रास्ताविक

मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासाची साधने म्हणून सनदा, महसुली दप्तरे, वृत्तपत्रे, मुक्तिसंग्रामातील आठवणी आणि मौखिक मुलाखती यांचा उपयोग अभ्यासकांनी केला आहे. विसाव्या शतकातील सभा, सप्ताह, जत्रा आणि निवडणुका यांचा वृत्तान्त लिहिताना वक्त्यांची, कीर्तनकारांची व पुढाऱ्यांची नावे आवर्जून नोंदविली जातात. परंतु त्यांचा शब्द ज्या यंत्राने हजारो श्रोत्यांपर्यंत पोहोचविला, त्या यंत्राचा उल्लेख क्वचितच आढळतो. खेड्यापाड्यांत ‘भोंगा’ किंवा ‘कर्णा’ या नावाने ओळखला जाणारा हा ध्वनिक्षेपक मंडपवाल्याच्या गोदामात, देवस्थानाच्या कोठीत अथवा जुन्या दुरुस्ती दुकानाच्या माळ्यावर पडून राहतो आणि अखेरीस वजनावर भंगारात विकला जातो.

या यंत्राचा गाभा म्हणजे त्यातील चुंबक होय. चुंबक कोणत्या द्रव्याचा आहे, यावरून यंत्राचा काळ आणि ते वापरणाऱ्या समाजाची विजेची परिस्थिती यांचा अंदाज बांधता येतो. त्याचे सामर्थ्य मोजले असता त्या काळी आवाज किती दूर जात असावा, याविषयी पुरावा मिळतो. मात्र अजाणतेपणे केलेल्या एका दुरुस्तीने हा पुरावा कायमचा नष्ट होऊ शकतो. म्हणून ध्वनिक्षेपकातील चुंबकाचा विकास कसा झाला, बीडसारख्या वीजटंचाईच्या जिल्ह्यात त्याला कोणते महत्त्व होते आणि जुन्या यंत्रांचे परीक्षण व जतन महाविद्यालयीन पातळीवर कसे करता येईल, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ध्वनिक्षेपकाची रचना आणि चुंबकाचा विकास

ध्वनिक्षेपकाचे तत्त्व सोपे आहे. चुंबकाच्या दोन ध्रुवांमधील अरुंद फटीत तारेचे हलके वेटोळे टांगलेले असते. त्याला ‘व्हॉइस कॉइल’ म्हणतात. ॲम्प्लिफायरकडून येणारा विद्युतप्रवाह या वेटोळ्यातून वाहू लागला की चुंबकीय क्षेत्रामुळे त्यावर बल निर्माण होते, वेटोळे पुढेमागे हलते आणि त्याला जोडलेला कागदी शंकू किंवा पातळ पडदा हवेत ध्वनिलहरी उत्पन्न करतो. हे बल फटीतील चुंबकीय तीव्रता, फटीतील तारेची लांबी आणि प्रवाह या तिन्हींच्या गुणाकाराइतके असते. यांपैकी पहिल्या दोहोंच्या गुणाकारास तंत्रज्ञ ‘बीएल’ म्हणतात. चुंबक दुर्बळ झाला की हा गुणाकार घटतो आणि तोच प्रवाह देऊनही आवाज कमी निघतो.

अमेरिकेतील पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे या तत्त्वावरील यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक केले. १९१९ मध्ये सॅन डिएगो येथे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे भाषण त्यांच्याच यंत्रांमधून सुमारे पन्नास हजार श्रोत्यांनी ऐकले. १९२५ मध्ये चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी कागदी शंकूच्या ध्वनिक्षेपकाला जे रूप दिले, ते मूलतः आजही टिकून आहे. पुढील वर्षी बेल प्रयोगशाळेतील वेंटी व थुरास यांनी बोलपटासाठी कर्ण्याला जोडावयाचे कार्यक्षम ‘युनिट’ तयार केले. जत्रेतील तंबूत किंवा मंदिराच्या शिखराजवळ दिसणारा भोंगा याच कुळातील आहे.

या प्रारंभीच्या यंत्रांतील चुंबक बहुधा स्थायी नसे. लोखंडी गाभ्याभोवती तारेचे मोठे वेटोळे गुंडाळून त्यातून सतत प्रवाह सोडला जाई आणि विद्युतचुंबक तयार होई. कारण त्या काळच्या पोलादी चुंबकांत पुरेसे बळ नव्हते. म्हणजेच ध्वनी निघण्यापूर्वीच, केवळ चुंबक जागा ठेवण्यासाठी, वीज खर्च होत असे. शहरातील चित्रपटगृहाला हे परवडणारे होते. परंतु विजेचा खांब न पोहोचलेल्या गावाला ते अशक्यप्राय होते.

या अडचणीवरील उत्तर धातुशास्त्रातून आले. जपानमधील कोतारो होंडा यांनी १९१७ मध्ये कोबाल्टयुक्त चुंबकीय पोलाद सिद्ध केले, तर १९३१ मध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल व ॲल्युमिनियम यांचा अधिक प्रभावी मिश्रधातू शोधला. त्यातूनच पुढे ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ओळखला जाणारा ‘अल्निको’ विकसित झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ध्वनिक्षेपकात विद्युतचुंबकाची जागा अल्निकोने घेतली. १९५०च्या दशकात फिलिप्स कंपनीच्या संशोधनातून लोहभस्म व बेरियम यांपासून बनविलेला स्वस्त फेराइट चुंबक पुढे आला. १९७८ मध्ये झाईर देशातील शाबा प्रांतात झालेल्या संघर्षानंतर कोबाल्टचे भाव कडाडले आणि अनेक उत्पादकांनी अल्निको सोडून फेराइटचा स्वीकार केला. १९८०च्या दशकात आलेला निओडिमियम चुंबक हा या मालिकेतील पुढचा टप्पा होय.

संस्थानी राजवट, सीमारेषा आणि आवाज

मुंबई इलाख्यात १९३०च्या दशकात राजकीय सभा आणि ध्वनिक्षेपक यांचे नाते जुळले. मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ या मुंबईतील पेढीने काँग्रेसची अधिवेशने व महात्मा गांधींच्या सभा यांना ध्वनिक्षेपणाची सोय पुरविली. त्या काळच्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर या पेढीचे नाव ठळकपणे दिसते. १९४२च्या गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ प्रकरणात उषा मेहता यांच्यासमवेत नानक मोटवाने यांच्यावरही खटला भरण्यात आला होता. ध्वनियंत्राचा व्यापार आणि स्वातंत्र्याची चळवळ यांचा असा संबंध इंग्रजी मुलखात निर्माण झाला.

बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील परिस्थिती वेगळी होती. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आदेशान्वये सार्वजनिक सभेसाठी पूर्वपरवानगी आवश्यक होती. स्वामी रामानंद तीर्थ यांनी मोमिनाबाद, म्हणजे आजच्या अंबाजोगाई, येथून शिक्षणाच्या माध्यमातून जे कार्य उभे केले, ते या बंधनांच्या छायेतच. जेथे सभेलाच मुभा नव्हती, तेथे सभेच्या ध्वनिक्षेपकाला अवकाश मर्यादित असणार, हे उघड आहे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हे चित्र पालटले. निजाम सरकारची हैदराबाद व औरंगाबाद येथील नभोवाणी केंद्रे १९५० मध्ये आकाशवाणीत समाविष्ट झाली आणि १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने जाहीर सभेला लोकशाहीचे अधिष्ठान दिले.

प्रशासकीय सीमारेषेचा परिणाम आवाजाच्या इतिहासावर कसा होतो, याचे एक उदाहरण लक्षणीय आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने ‘रेडिओ शेतकरी मंडळां’चा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. त्याचा अहवाल जगदीशचंद्र माथुर व पॉल न्यूराथ यांनी लिहिला व युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्याला लागून असलेले आष्टी व पाटोदा तालुके मात्र या प्रयोगाच्या बाहेर राहिले, कारण बीड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात येईपर्यंत वेगळ्या राज्यात होता. एकाच भाषेच्या, एकाच अवर्षणप्रवण पट्ट्यातील शेतकऱ्यांपैकी काहींच्या चावडीवर सामूहिक श्रवणाचा संच आला आणि शेजाऱ्यांना तो लाभला नाही.

वीजटंचाई आणि स्थायी चुंबकाचे महत्त्व

परळी येथील औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. तत्पूर्वी आणि त्यानंतरही दीर्घकाळ बीड जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवर ध्वनिक्षेपणाचा आधार होता तो मोटारीच्या १२ व्होल्ट बॅटरीचा. अखंड हरिनाम सप्ताहात पहाटेचा काकडा, दिवसाचे ज्ञानेश्वरी पारायण, सायंकाळचा हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन असा सात दिवसांचा क्रम असतो. जिल्ह्यातील गडांचे नारळी सप्ताह, परळी वैजनाथ येथील महाशिवरात्र, कपिलधार येथील मन्मथस्वामींची यात्रा अशा प्रसंगी श्रोत्यांची संख्या मोठी आणि मैदान उघडे असते. अशा ठिकाणी बॅटरीतील प्रत्येक वॅटचे मोल होते.

येथे चुंबकाचे महत्त्व स्पष्ट होते. उघड्या कागदी शंकूचा ध्वनिक्षेपक त्याला मिळालेल्या विजेपैकी साधारणतः एक-दोन टक्केच ध्वनीत रूपांतरित करतो. कर्ण्याला जोडलेले युनिट त्याच्या कित्येक पट कार्यक्षम असते. परंतु ही कार्यक्षमता फटीतील चुंबकीय तीव्रतेवर अवलंबून आहे. तीव्रता निम्मी झाली तर ध्वनीचा दाब निम्मा होतो, म्हणजे सहा डेसिबलने घटतो. तोच आवाज पुन्हा मिळविण्यासाठी चौपट वीज द्यावी लागते. ज्या गावात बॅटरी भरून आणण्यासाठी तालुक्याला जावे लागे, तेथे चुंबक दुर्बळ होणे म्हणजे कीर्तन मध्यरात्रीपूर्वीच शेवटच्या रांगेला ऐकू न येणे होते. स्थायी चुंबकाने वीज न मागता हे काम केले. म्हणून ग्रामीण मराठवाड्यात ध्वनिक्षेपकाचा प्रसार हा विद्युतीकरणाचा परिणाम होता, असे सरसकट म्हणता येत नाही. अनेक ठिकाणी स्थायी चुंबकाच्या बळावर तो विद्युतीकरणाच्या आधीच पोहोचू शकला.

चुंबकावरून काळाचा अंदाज

जुना ध्वनिक्षेपक हाती आला असता प्रथम त्याचे बाह्य निरीक्षण करावे. व्हॉइस कॉइलच्या दोन तारांखेरीज मागील जाड वेटोळ्याकडे जाणाऱ्या आणखी दोन तारा असतील, तर तो विद्युतचुंबकाचा म्हणजे बहुधा महायुद्धपूर्व रचनेचा होय. मागील बाजूस लहान, उंच, घंटेसारखे किंवा कमानीसारखे लोखंडी आवरण असून बाहेर टाचणी फारशी आकर्षिली जात नसेल, तर आत अल्निको असण्याचा संभव अधिक. दोन लोखंडी चकत्यांच्या मध्ये रुंद, चपटे, काळसर कडे दिसत असेल आणि बाहेरही ओढ जाणवत असेल, तर तो फेराइट होय. अशा यंत्रांचा मोठा भाग १९७०च्या दशकानंतरचा असतो. हा निकष एकटा निर्णायक नाही. उत्पादकाची पट्टी, ओहम मूल्य, ट्रान्सफॉर्मरची जोडणी आणि ज्यांच्याकडे ते यंत्र होते त्यांची मौखिक माहिती यांच्याशी तो पडताळून घ्यावा.

परीक्षणाची पद्धत

आवाज क्षीण झाला की चुंबक ‘उतरला’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात मार न लागलेला, न उघडलेला स्थायी चुंबक दशकानुदशके आपले बहुतांश सामर्थ्य टिकवून ठेवतो. दोष बहुधा अन्यत्र असतो. कॉइलचे काही वेढे एकमेकांस चिकटलेले असतात, फटीत गंज किंवा लोखंडाचा कीस साचलेला असतो, पडदा वाकलेला अथवा कडक झालेला असतो, किंवा कर्ण्यासोबतचा ट्रान्सफॉर्मर निकामी झालेला असतो. म्हणून मल्टीमीटरने रोध मोजणे, दीड व्होल्टच्या सेलने पडद्याची हालचाल तपासणे आणि शंकू हलक्या हाताने दाबून घासल्याचा आवाज येतो का हे पाहणे, हा परीक्षणाचा पहिला टप्पा होय.

दुसऱ्या टप्प्यात कागदी शंकूच्या ध्वनिक्षेपकाचे ‘बीएल’ मूल्य अगदी साध्या साधनांनी काढता येते. ध्वनिक्षेपक आडवा, तोंड वर करून ठेवावा आणि शंकूची विश्रांतीची पातळी खुणेने नोंदवावी. शंकूच्या मध्यभागी ज्ञात वजन ठेवले असता तो खाली जातो. आता कॉइलमधून एकदिश प्रवाह हळूहळू वाढवून शंकू पुन्हा मूळ खुणेवर आणावा व तो प्रवाह मोजावा. वजनाचे बल भागिले प्रवाह म्हणजे बीएल. उदाहरणार्थ, १०० ग्रॅम वजनाचे बल ०.९८ न्यूटन असते, त्यासाठी ०.२ अँपिअर प्रवाह लागला तर बीएल ४.९ न्यूटन प्रति अँपिअर येते. प्रवाह क्षणभरच द्यावा, अन्यथा कॉइल तापून जळते. हेच मापन दर काही वर्षांनी त्याच वजनाने केले असता चुंबक स्थिर आहे की घसरत आहे, हे कळते.

कर्ण्याच्या युनिटमधील पडदा लहान व नाजूक असल्याने ही पद्धत तेथे लागू पडत नाही. तेथे पडदा सोडवून फटीतील तीव्रता मोजावी लागते. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारित गाउसमीटर पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या अनेक प्रयोगशाळांत असतो. त्याचा संवेदक फटीत मावेल इतका पातळ असणे आवश्यक आहे. तो नसेल तर काही वेढ्यांचे लहान शोधक वेटोळे फटीतून झटकन बाहेर काढून बॅलिस्टिक गॅल्व्हानोमीटरवरील विचलन पाहता येते. पदवी वर्गाला शिकविला जाणारा हा प्रयोग येथे थेट इतिहासाच्या उपयोगी पडतो.

मोजताना तापमानाची नोंद अत्यावश्यक आहे. फेराइटची तीव्रता दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.२ टक्के घटते, अल्निकोची त्याच्या साधारण दहाव्या भागाइतकी. डिसेंबरात २५ अंशांवर मोजलेला फेराइट मे महिन्यात ४५ अंशांवर मोजला तर सुमारे चार टक्के कमी भरेल आणि थंडीत पुन्हा पूर्ववत होईल. बीडच्या उन्हाळ्यात घेतलेली नोंद तापमानाविना ठेवली तर ही नैसर्गिक घट चुंबकाचा ऱ्हास म्हणून चुकीने नोंदली जाईल.

जतनातील पथ्ये

जुन्या यंत्रांचे सर्वाधिक नुकसान काळाने नव्हे, तर सद्हेतूने केलेल्या सफाईने होते. अल्निकोमध्ये चुंबकत्व भरपूर, म्हणजे बारा हजार गाउसच्या आसपास, राहते. परंतु विरोधी क्षेत्रापुढे टिकण्याची त्याची क्षमता सुमारे सहाशे-साडेसहाशे ओरस्टेड इतकीच असते. लोखंडी आवरणाने पूर्ण केलेल्या मार्गात तो सुरक्षित असतो. गंज काढण्यासाठी चकती किंवा मधला ध्रुव सुटा करताच चुंबक स्वतःच्याच विरोधी क्षेत्राला सामोरा जातो आणि त्याच्या चुंबकत्वाचा मोठा भाग नाहीसा होतो. भाग पुन्हा जोडले तरी तो परत येत नाही. फेराइटची टिकण्याची क्षमता दोन हजार ओरस्टेडहून अधिक असल्याने हा धोका त्याला तुलनेने कमी आहे. मात्र तो ठिसूळ असून पडल्यास तडकतो. कर्ण्याच्या युनिटचा पडदा बदलणे आणि चुंबकाचा मार्ग सोडविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली करता येते, दुसरी टाळावी. फटीतील कीस काढण्यासाठी चिकटपट्टीची घडी पुरेशी असते.

चुंबक खरोखरच दुर्बळ झाला असेल, तर त्याला सर्व भाग जोडलेल्या स्थितीतच पुन्हा भारित करावे लागते. मोठ्या धारित्राचा साठा जाड तारेच्या वेटोळ्यातून एका क्षणात मोकळा करून हे साधते. त्यासाठी अल्निकोला सुमारे तीन हजार, तर फेराइटला सुमारे दहा हजार ओरस्टेडचे क्षेत्र लागते. अशा उपकरणातील विद्युतदाब प्राणघातक असल्याने हे काम प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावे आणि भारित करण्यापूर्वीचे व नंतरचे मापन स्वतंत्रपणे नोंदवावे. अन्यथा यंत्र सुधारते, परंतु त्याच्या मूळ स्थितीचा पुरावा पुसला जातो.

साठवणुकीचे आणखी एक पथ्य महत्त्वाचे आहे. अनेक घरांत व देवस्थानांत जुने ध्वनिक्षेपक आणि कीर्तन-प्रवचनांच्या कॅसेट एकाच कपाटात असतात. उघड्या फेराइट कड्याचे क्षेत्र जवळच्या फितीवरील ध्वनी पुसू शकते. दोहोंत किमान एक मीटर अंतर राखणे हा सर्वांत स्वस्त जतनोपाय होय.

निष्कर्ष

ध्वनिक्षेपकातील चुंबकाचा इतिहास हा केवळ तंत्रज्ञानाचा इतिहास नाही. विद्युतचुंबकाकडून अल्निकोकडे झालेल्या संक्रमणामुळे वीज नसलेल्या प्रदेशाला सार्वजनिक आवाज प्राप्त होणे शक्य झाले आणि फेराइटने तो आवाज प्रत्येक मंडपवाल्याच्या आवाक्यात आणला. पुढे त्याच आवाजाच्या अतिरेकातून २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आणि २००५ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यांची गरज निर्माण झाली. सभेच्या परवानगीपासून आवाजाच्या मर्यादेपर्यंतचा हा प्रवास एका पिढीच्या स्मरणात सामावलेला आहे.

ती पिढी आणि तिची यंत्रे दोन्ही आता झपाट्याने नाहीशी होत आहेत. बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतील महाविद्यालयांत इतिहास व भौतिकशास्त्र हे दोन्ही विभाग बहुधा एकाच आवारात असतात. एका विभागाने ज्यांनी ही यंत्रे चालविली त्यांच्या मुलाखती घ्याव्यात, दुसऱ्याने त्या यंत्रांचे बीएल मूल्य, तीव्रता व तापमान नोंदवावे आणि दोन्ही नोंदी एकाच पत्रकावर ठेवाव्यात. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. १०० ग्रॅमचे वजन, एक अँपिअरमापी आणि यंत्र भंगारात जाण्यापूर्वी तेथे पोहोचण्याची तत्परता एवढ्यावर कामाचा प्रारंभ होऊ शकतो. वितळविलेला चुंबक पुन्हा बोलता करता येत नाही. म्हणून नोंद आधी आणि दुरुस्ती नंतर, हा क्रम पाळणे हीच या क्षेत्रातील जतनाची पहिली पायरी ठरेल.